चिंचेच्या फांदीला बांधलेली हळद

चिंचेच्या डहाळीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढलं, की वरची करडी, खरबरीत साल बाजूला होते आणि तिच्याखालून एक रेघ उमटते. ओली, फिकट हिरवी, राव्याच्या पोटावरच्या पिसासारखी. त्या रेघेला वासही असतो. ओला हरभरा सोलताना बोटांना लागतो तसा, किंचित आंबूस, किंचित मातकट, आणि इतका क्षणिक की नाकापाशी बोट नेईनेईतो विरून जावा. झाडाला त्याच्या जिवाची खुशाली विचारायची एवढी एकच रीत मला ठाऊक आहे. नखाखाली हिरवं आलं तर ते बोललं; तपकिरी, कोरडं, चहाच्या चोथ्यासारखं काही आलं तर तेवढ्यापुरतं ते गेलं. यंदाच्या आषाढात मी ही रेघ इतक्यांदा ओढली, की अंगठ्याच्या नखात महिनाभर चिंचेची साल अडकून राहिली, आणि आमची सून वर्षा मला पिठाच्या परातीला हात लावू देईना.

आता एवढी काळजी, तर ती चिंच माझी असेल असं कोणालाही वाटेल. तशी ती नव्हती, आणि घोर होता तो त्याचाच.

ती आमच्या शेजारच्या सिस्टरची. त्यांचं नाव शकुंतला, पण वसमतच्या आमच्या गल्लीत ते नाव रेशनकार्डापुरतंच उरलेलं. उभी हयात सरकारी दवाखान्यात गेली म्हणून लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, आणि निवृत्त झाल्यावरही कोणाच्या लेकराला ताप आला की आधी त्यांचंच दार वाजतं. दवाखान्याच्या क्वार्टरमागच्या नालीच्या कडेला एका पावसाळ्यात चिंचोका रुजला होता. नाली साफ होणार, रोप जाणार, म्हणून सिस्टरनी ते उचललं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं तेव्हा सलाईनची रिकामी बाटली अर्धी कापून तिच्यात लावलं. तिथून ते डब्यात गेलं, डब्यातून पसरट कुंडीत, आणि एवढ्या वर्षांत हातभर उंचीचं, मनगटाएवढ्या बुंध्याचं एक अख्खं, म्हातारं, डेरेदार झाड होऊन बसलं. त्याच्याकडे थोडा वेळ पाहत बसलं, की आपणच लहान झालो आहोत आणि एखाद्या बांधावरच्या जुन्या चिंचेखाली उभे आहोत असा भास व्हायचा. दिवेलागणीला त्याची इवली पानं दोन्ही बाजूंनी मिटून यायची, जणू दिवसभराचा पसारा आवरून कोणी पदर घट्ट घ्यावा, आणि सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरलं की पुन्हा एकेक उघडायची.

त्या झाडाला बुंध्यापासून जरा वर, डावीकडे, एक फांदी होती. पंगतीत वाढताना पुढं होतो तशा हातासारखी आडवी, किंचित खाली झुकलेली. सिस्टर म्हणायच्या, बाकीचं झाड मी वाढवलं, पण ही फांदी आपल्या मनानं आली. त्यांचा सगळा जीव त्या फांदीत.

माझं म्हणाल, तर मी मोबाइलवर शिकलेली बाई. पोराने फोन घेऊन दिला, त्यात हिंदीतले बोन्सायचे व्हिडिओ सापडले, आणि गुडघ्यांनी शेतात जायचं बंद केल्यापासून मोकळ्या झालेल्या माझ्या हातांना एकदम काम मिळालं. आधी एक बोगनवेल मारली. मग दोन उंबर मारले. मग एक वड जगला, आणि एक वड जगला की माणसाला आपण पंडित झाल्यासारखं वाटतं. शिवाय जवळा बाजारच्या शेतात मी चाळीस वर्षं कापसाचे शेंडे खुडलेले. शेंडा खुडला की कापूस खालून कसा भराभर फांद्या काढतो, ते मला कोणा व्हिडिओवाल्याने सांगायची गरज नव्हती. हा जो कापसाचा अभिमान आहे ना, तोच मला नडला.

ज्येष्ठ सरता सरता सिस्टरना पुण्याला जावं लागलं. लेकीचे दिवस भरत आले होते, तिची नोकरी तिथली, डॉक्टरीण तिथली, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी चिंच स्वतःच्या हातांनी आमच्या ओसरीवर, पागोळ्यांपासून हातभर आत आणून ठेवली आणि मला म्हणाल्या, “अक्का, फकस्त पाणी घाला. कात्री लावू नका. मी आल्यावर बघू.”

“व्हय, व्हय, बेफिकीर राव्हा,” मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं होतं.

पण झाड रोज डोळ्यांपुढं. सकाळचा चहा घेताना त्या फांदीच्या टोकाचे दोन जाडजूड फुटवे मला दिसायचे, उभे, उर्मट, सगळा डौल बिघडवणारे. आणि मनात यायचं, सिस्टर येतील तेव्हा ही फांदी कशी घोटून काढल्यासारखी दिसली पाहिजे, त्यांनी म्हणावं, अक्का, तुमच्या हाताला काय गुण आहे! आषाढ लागला, हवा ओलसर झाली, आणि एका सकाळी मी ते टोक कापलं. नुसतं टोक नाही. त्याबरोबर फांदीवरचा सगळा पाला गेला आणि चार बोटांचं बोडकं लाकूड मागे राहिलं. फुटेल की खालून, कापूस नाही फुटत?

मग त्या पांढऱ्या, ओल्या जखमेकडे बघून मला कसंसंच झालं. आपल्याकडे बोट कापलं, गुडघा फुटला, लेकराचं कपाळ आपटलं, तर हात आधी कशाकडे जातो? वसमतसारख्या हळदीच्या गावात तर विचारायलाच नको. इथं उन्हाळ्यात हळद शिजते तेव्हा वाऱ्यालाही तिचा कढत, मातीचा वास असतो. मी तेलात हळद कालवली, चांगली घट्ट, तिचा लेप त्या जखमेवर थापला, आणि वरून जुन्या सुती लुगड्याची मऊ चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या. इतक्या मायेनं मारल्या, की आज त्या आठवल्या तरी मला माझं हसू येतं.

दुसऱ्याच दिवशी झड लागली. आठ दिवस आभाळ भुईला टेकलेलं, भिंतींना पोपडे, दोरीवरचे कपडे आंबूस, आणि ओसरीत आत ठेवलेल्या झाडालाही त्या हवेत कोरडं असं काही उरलं नाही. चिंधी ओली झाली ती वाळलीच नाही. नवव्या दिवशी मी गाठी सोडल्या, तर आतून कुबट वास आला, हळदीवर पांढरी बुरशी चढलेली, आणि साल अशी काळी, बुळबुळीत, की बोट लावताच सरकावी. मी नख ओढलं. तपकिरी. जरा आत, बुंध्याच्या दिशेनं ओढलं. तपकिरी. आणखी आत गेल्यावर कुठं ती हिरवी रेघ आली.

जिथं हिरवं सुरू झालं तिथं मी बॉलपेननं एक बारीक खूण केली. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर खुणेच्या आतही तपकिरीच. दुसरी खूण केली. मग तिसरी. टोकाकडून मरण असं निवांतपणे, कसली घाई नसल्यासारखं, चालत येत होतं, आणि खुणा बुंध्याच्या जवळ जवळ सरकत होत्या. फांदी जाईल याचं दुःख होतंच, पण खरी भीती पुढची होती. ते काळं एकदा बुंध्यात उतरलं असतं, तर नालीकाठून उचललेलं, सलाईनच्या बाटलीत वाढलेलं ते अख्खं झाडच एका बाजूनं वाळत गेलं असतं, आणि ते सांगायला मला सिस्टरसमोर उभं राहावं लागलं असतं.

तिकडे नात झाली. सिस्टर दर आइतवारी तिचा फोटो पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, चिंच कशी आहे? मी फोटो काढायची तो उजवीकडून. उजवीकडून झाड असं हिरवंगार, असं तृप्त दिसायचं, की मलाच क्षणभर वाटावं, काही झालेलंच नाही. त्यांनी मात्र त्या लेकराची कुठलीच बाजू कधी लपवली नाही. रडतानाचा फोटो आला, कावीळ होऊन निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं तेव्हाचाही आला.

तिसरी खूण ओलांडून काळं पुढं आलं तेव्हा मी ठरवलं, आता बुंध्याला लावून फांदी साफ काढायची. फांदी जाऊ दे, झाड वाचू दे. सकाळी लवकर उठले, कात्री घासली, विस्तवावर धरली, ओसरीवर पाट मांडून बसले, तोच वर्षा आतून आली.

“आत्याबाई, काय करून राहिल्या?”

“फांदी काढते.”

“आज? आज पंचमी हाय.”

माझ्या ध्यानातच नव्हतं. नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत, जमीन खणत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. जे काय शिजायचं ते वाफेवर.

“अगं, पण ते मरून राहिलंय!”

“एका दिसानं काय मरत न्हाई. आन् तुमीच शिकवलं ना मला हे? लग्नाच्या पहिल्या वर्षी मी नुसती मिरची तोडली होती तर केवढ्या ओरडल्या होत्या. भाजीसुद्धा मी काल चिरून ठेवली.” आणि कात्री माझ्या हातातून काढून घेऊन ती आत गेली सुद्धा.

आता खरं सांगू का, मला काही नागोबा फांदीत बसलाय असं वाटत नव्हतं. पण एवढी वर्षं जो दिवस पाळला, त्या दिवशी हात उचलत नाही हे खरं. मी तशीच पाटावर बसून राहिले. आतून पुरणाच्या दिंडांची गोड, दमट वाफ येत होती. गल्लीतल्या कडुलिंबाला पोरींनी झोका बांधला होता आणि त्याची फांदी प्रत्येक हेलकाव्याला करकरत होती. मधूनच ऊन पडायचं, ओल्या अंगणावर चकाकायचं आणि विझायचं. कितीक दिवसांनी माझ्या हातांना काही म्हणजे काही काम नव्हतं. आणि हात रिकामे असले की मनात जे ढकलून ढकलून मागे ठेवलेलं असतं, ते आपलं उठून पुढं येऊन बसतं.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. व्हिडिओचा. मांडीवर नात, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप.

“जयभीम, अक्का. आज म्हटलं फोटो नको, तुमालाच बघू. माझी फांदी दाखवा बरं. फोटोत कवाच दिसंना ती.”

 नात शिंकली.

“सिस्टर, मी कात्री लावली.”

“कवा?”

“आषाढ लागल्या लागल्या.”

“आन् मला आज सांगून राहिल्या?” आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच मला जास्त लागलं. “बरं. कापल्यावर काय लावलं?”

“हळद.”

“आन् वरून?”

“चिंधी बांधली.”

त्या हसायला लागल्या. रागाचं होतं ते हसू, पण हसूच. “अगं माय! उभी हयात मी लोकांच्या जखमांवरची हळद धुऊन काढण्यात घातली, अक्का! खेड्याखेड्यातून यायचे, वर हळद, खाली पू. आन् आता माझ्याच झाडाला, माझ्याच शेजारणीनं!”

मीही हसले, डोळ्यांत पाणी होतं ते कुठल्या कारणानं आलं कोण जाणे. हसणं ओसरल्यावर त्यांचा आवाज बदलला. दवाखान्यातला झाला. म्हणाल्या, नख लावून दाखवा. मी दाखवलं. आणखी आत. दाखवलं. बुंध्यापाशी हिरवी रेघ आली, जेमतेम दोन बोटांची जागा.

“आता फोन फांदीच्या खाली न्या. खालून दाखवा.”

“खालून काय दिसणार?”

“पेशंटला आमी वरूनच बघून सोडून देत न्हाई, अक्का. पालथा करून पाठ बी बघतो.”

गुडघ्यांमुळे मला ओणवं होता येत नाही, म्हणून इतके दिवस मी फांदी वरूनच बघत आलेली. आता मी हात लांबवून फोन तिच्याखाली धरला. मला स्वतःला काही दिसत नव्हतं, पुण्यातल्या त्या खोलीत बसलेल्या सिस्टरनाच काय ते दिसत होतं.

“थांबा. हलवू नका. ते लाल काय हाय?”

“कुठं?”

“खोडाजवळ. खालच्या अंगाला. बाजरीच्या दाण्यायेवढं.”

मी बोटानं चाचपलं. होता. सालीतून किंचित वर आलेला, टणक, टोकाला ओलसर: डोळा. झाड त्याच्या मनानं तिथून फुटायला निघालं होतं, आणि मी सकाळी कात्री चालवली असती तर बुंध्याला लावून तोच काढून टाकला असता. हे मी त्यांना सांगितलं. 

“मग तुमच्या नागोबाला माझ्याकडून शाबासकी द्या,” त्या म्हणाल्या. “आता उद्या कापा. काळं संपून पांढरं लाकूड लागंल तिथवर. पण डोळ्याच्या पुढं अर्धं बोट खुंट राहू द्या, तेवढं वाळलं तरी डोळ्यापर्यंत पोचत न्हाई. आन् बांधू नका काही. वारा लागू द्या.” मग फोन ठेवता ठेवता: “फांदीचं काय, गेली तर गेली. पण तुमी दर आइतवारी अर्धंच झाड दाखवायच्या, आन् मी इथं बसून विचार करायची, अक्का मोकळं काहून बोलत न्हाईत, त्यांचं काही दुखून राहिलं का? झाडाची न्हाई, तुमची काळजी वाटायची मला.”

फोन ठेवल्यावर मी चिंचेचा डावीकडून फोटो काढला आणि त्यांना पाठवला. 

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर, हवा सुकी बघून, मी कापलं. पहिल्या कापाला मधे तपकिरी ठिपका दिसला, म्हणून आणखी एक पातळ चकती काढली. तेव्हा लाकूड एकसारखं, दुधाच्या सायीसारखं लागलं, आणि कडेनं हिरवी बारीक किनार. डोळ्यापुढं खुंट ठेवला. नंतर मी हात मांडीवर घेऊन बसले, कारण काहीही न लावता जखम उघडी सोडून उठणं ही माझ्यासारखीला सोपी गोष्ट नाही.

त्या दिवसांत मला पुष्कळ गोष्टी उमगल्या, आणि त्यातली कुठलीच व्हिडिओत नव्हती. आपलं कातडं फाटलं तर आतून भरून येतं, पुन्हा तसंच होतं. झाडाचं तसं नसतं. ते दुखावलेलं लाकूड दुरुस्त करत नाही. ते जिथल्या तिथं ठेवतं, त्याच्या कडेकडेनं नवी साल आणतं, आणि आपला रस दुसऱ्या वाटेनं वळवतं. आणि रस वर चढतो तो कोणाच्या तरी ओढीनं. पुढं पान असतं, ते मागतं, म्हणून मुळं पाणी पाठवतात. मी फांदीवरचं एकूण एक पान काढून घेतलं, तेव्हा तिथं मागणारं कोणी उरलंच नाही, आणि मागणारं कोणी नसलेल्या जागी झाड तरी कशाला जाईल? वर्षानं घर हातात घेतलं तेव्हापासून मीही अशीच कोणी काही मागावं म्हणून ओसरीवर बसलेली असते का, असा एक विचार त्या उघड्या जखमेकडे बघताना येऊन गेला. वाईट नाही वाटलं त्याचं. उलट, आपल्याला काय होत होतं ते कळलं म्हणून बरंच वाटलं.

खुंट वाळला. अर्ध्या बोटाचं काळं डोळ्यापाशी येऊन थांबलं, आणि तिथून पुढं सरकलं नाही. मी रोज नख लावायचं सोडून दिलं. राखीपौर्णिमेच्या सुमारास त्या लाल दाण्यातून दोन पानं उलगडली, तांबूस, ओली, नुकत्या जन्मलेल्या कशाचीही असतात तशी चुरगळलेली. मग डहाळी निघाली, आणि भाद्रपदाच्या पिवळ्या उन्हात ती वीतभर झाली. पहिल्या फांदीसारखी आडवी नाही. ही तिरकी, वर बघणारी, जरा हट्टी. मी तिला सकाळी ऊन मिळेल अशी कुंडी फिरवायची, तिच्यावर मुंगी चढली तरी फुंकर घालायची, आणि तिचा लाल शेंडा वाऱ्यानं हलला तरी माझा जीव हलायचा.

गौरी उठल्या, आणि दोन दिवसांनी सिस्टर आल्या. पिशवी घरात टाकून, पायावर पाणी घेऊन, पदरानं तोंड पुसत सरळ आमच्या ओसरीवर. चहा ठेव म्हणून मी वर्षाला हाक मारली, ती माझा आवाज नीट निघतो का ते बघायला. सिस्टर पाटावर बसल्या. वाळलेल्या खुंटावर त्यांनी बोट ठेवलं, मग खाली नेलं, डहाळी जिथून निघाली होती तिथं, नाडी बघावी तसं थोडा वेळ ठेवलं. 

आणि मग, मला काही कळायच्या आत, त्यांनी त्या डहाळीचा शेंडा चिमटीत धरून खुडला.

महिनाभर ज्याला मी वाऱ्यापासून जपलं होतं तो कोवळा, लालसर शेंडा त्यांनी नखानं दोन केला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. “घ्या,” त्या म्हणाल्या. “आता दोन फुटतील.”

मी घेतला. चिंचेचा कोवळा पाला लहानपणी बांधावर किती खाल्ला असेल, पण तो इतका आंबट असतो हे मी विसरून गेले होते. दातांच्या मुळांशी कळ गेली, दोन्ही डोळे मिटले, तोंडभर पाणी सुटलं. सिस्टरचाही चेहरा तसाच आक्रसला होता. एकमेकींची तोंडं बघून आम्हाला हसू आवरेना, आणि वर्षा चहाचे कप हातात घेऊन दारातच थबकली होती. मी काही बोलायचं ठरवलं होतं, महिनाभर मनात जुळवून ठेवलेलं. पण जिभेखाली ती आंबट चव रेंगाळत होती, आणि ती आहे तोवर बोलावंसं वाटेना.